मुखवटा कोणाच्या मालकीचा? जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, वेताळ आणि माइल्स मोरालेस

कॉमिक्स वाचणाऱ्या पोरांमध्ये एक भांडण कायम चालू असते. खरा स्पायडरमॅन कोण? १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी उभा केलेला पीटर पार्कर, की २०११ साली आलेला कृष्णवर्णीय बापाचा आणि पोर्तो रिकन आईचा मुलगा माइल्स मोरालेस? एक गट म्हणतो, मूळ ते मूळ, बाकी सगळी नक्कल. दुसरा गट म्हणतो, मागून आलेला पोरगा मूळ नायकाला कधीच मागे टाकून गेला. घरातली मोठी माणसे हे ऐकून हसतात आणि म्हणतात, पोरखेळ आहे.

आंबेडकरी तरुणाने मात्र हसू नये. कारण या भांडणाच्या पोटात जो प्रश्न आहे, तो आपल्याला शेकडो पिढ्या विचारला गेला आहे. हा पोशाख घालायचा अधिकार तुला कोणी दिला? ही विद्या तुझी नाही, तू का शिकलास? हे पाणी तुझे नाही, तू का प्यालास? मूळ मालक कोण, खरा वारस कोण आणि मागून आलेला उपरा कोण, हे ठरवण्याची मक्तेदारी ज्यांच्या हातात होती त्यांनीच इतिहास लिहिला. म्हणून चित्रकथेतल्या वारसदार नायकांचा इतिहास आपण आपल्या डोळ्यांनी वाचला पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वारसा दोन प्रकारचा असतो. एक रक्तातून येतो आणि दुसरा कामातून. रक्तातून आलेला वारसदार मूळ माणसाची प्रत होऊन राहतो. कामातून आलेला वारसदार मूळ माणसाच्याही पुढे जाऊ शकतो, आणि त्याने तसे जावे यातच मूळ माणसाचा सन्मान आहे. हे समजायला अमेरिकेपासून सुरुवात करायची गरज नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाड्यापासून करू.

सोंग जुने, माणूस नवा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. तिथे उन्हाळ्यात, शेतीची कामे उरकली की गावोगाव बोहाडा होतो. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात. रात्र चढत जाते, संबळ आणि पिपाणी वाजू लागते आणि एकेक सोंग गावाच्या रस्त्यावरून नाचत येते. गणपती येतो, शारदा येते, नरसिंह येतो, रावण येतो, त्राटिका येते, वेताळही येतो. अनेक गावांत शेवट देवी आणि महिषासुराच्या झुंजीने होतो. मुखवटे पूर्वी लाकडाचे होते, पुढे कागदाच्या लगद्याचे होऊ लागले. ते वजनदार असतात. चेहऱ्यावर बांधून रात्रभर नाचणे ही अंगमेहनत आहे.

आता यातली खरी गंमत बघा. नरसिंहाचे सोंग पहिल्यांदा कोणी घेतले, हे गावात कोणी विचारत नाही. यंदा ज्याने मुखवटा बांधला तोच यंदाचा नरसिंह. तो चांगला नाचला तर गाव वर्षभर त्याचे नाव काढते. मुखवटा जुना आणि माणूस नवा, आणि गावाची नजर नव्या माणसाच्या पायांवर. अमेरिकेतल्या कॉमिक्स कंपन्यांना जे विसाव्या शतकात सुचले, एक नायक जातो आणि त्याच पोशाखात दुसरा उभा राहतो, ते या डोंगरांत कितीतरी आधीपासून चालू आहे.

पण बोहाड्यात दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बऱ्याच गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे असतो. बापाने जे सोंग नाचवले तेच मुलाने नाचवायचे. म्हणजे एकाच मुखवट्यात दोन्ही वारसे एकत्र राहतात. मान जन्माने मिळतो, पण नाव नाचून मिळवावे लागते. या दोघांतला कोणता वारसा मोठा, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

एकविसावा वेताळ

मराठी वाचकाला पहिला मुखवटाधारी नायक भेटला तो वेताळ. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ साली 'फँटम' ही चित्रमालिका सुरू केली. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढले, ते १९९० पर्यंत चालले. मराठी आवृत्तीत या नायकाला नाव मिळाले वेताळ. आपल्या गावकुसाबाहेरच्या, दगडाला शेंदूर फासलेल्या, बोहाड्यात नाचणाऱ्या दैवताचे नाव एका गोऱ्या माणसाला चिकटले. त्याच्या जंगलाच्या देशाचे मूळ नाव बेंगाला. ते बंगालसारखे वाटते म्हणून भारतीय आवृत्तीत डेंकाली करण्यात आले.

वेताळाची कथा वारशाचीच आहे. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला, त्यातून एक गोरा तरुण वाचला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढू. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटते की हा एकच माणूस आहे, चारशे वर्षे जिवंत आहे, याला मरण नाही.

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. ही सत्ता कशावर उभी आहे? एका घराण्याच्या गुपितावर. गुपित माहीत असणारे मूठभर आणि त्यावर श्रद्धा ठेवणारे सगळे जंगल. एकवीस पिढ्यांत त्या जंगलातल्या एकाही आदिवासी पोराला तो मुखवटा मिळालेला नाही. त्याचे जिवलग बांदर लोक विषारी बाणांत तरबेज, जंगलाची वाट न वाट त्यांना पाठ, तरी ते कायम राखणदार आणि मदतनीस. कवटीच्या गुहेतले सिंहासन मात्र एकाच रक्ताचे. ज्याला आपण जन्मावर आधारलेली व्यवस्था म्हणतो, तिचे इतके स्वच्छ चित्र शोधून सापडणार नाही. कोणी म्हणेल, वेताळ चांगला होता, न्यायी होता. असेलही. पण चांगला मालक मिळाला म्हणून गुलामी चांगली ठरत नाही.

त्याच इंद्रजालमध्ये १९७६ साली आबिद सुरती यांचा बहादूर आला. तो चंबळच्या बाजूचा. त्याचा बाप डाकू होता आणि पोलिसांच्या गोळीने मेला. पोराच्या वाट्याला रक्ताचा वारसा म्हणून सूड आला होता. बहादूरने तो नाकारला आणि गावकऱ्यांना हाताशी धरून नागरिक सुरक्षा दल उभे केले. वेताळ बापाची शपथ पाळून नायक झाला, बहादूर बापाची वाट सोडून नायक झाला. मागून आलेला हा देशी नायक कमी गाजला असेल, पण विचाराने तो वेताळाच्या कितीतरी पुढे होता. वेताळाचे लोक वाट पाहतात. बहादूरचे लोक स्वतः पहारा देतात.

बैलाचे कातडे आणि मतपेटी

जव्हारलाच परत येऊ, कारण रक्ताच्या वारशाचा खरा इतिहासही इथे घडला आहे. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळ्यांचे. चौदाव्या शतकापासून इथे त्यांचे राज्य होते. संस्थापकाची कथा अशी सांगतात की त्याने एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि मिळाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापून भला मोठा मुलूख वेढून घेतला. हीच कथा भूमध्य समुद्राच्या काठावर कार्थेजची राणी डायडो हिच्याबद्दल सांगितली जाते. म्हणजे जव्हारच्या राज्याची जन्मकथासुद्धा जगात फिरणाऱ्या गोष्टीचा एक वारसदार आहे. मूळ कुठले, नक्कल कुठली, हे शोधत बसलो तर हाती कातडे उरेल. प्रश्न असा विचारावा की ही कथा इथल्या माणसाला काय देते. कार्थेजची कथा एका राणीची. जव्हारची कथा सांगते की डोंगरातला एक कोळी हुशारीने राजा झाला. ज्यांना सगळे जग अडाणी म्हणत होते त्यांच्या हातात ही कथा जास्त धारदार झाली.

पण पुढची सहाशे वर्षे काय झाले? पहिल्याने हुशारीने मिळवले ते बाकीच्यांना जन्माने मिळाले. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि मुलूख ठाणे जिल्ह्यात गेला. २०१४ साली पालघर जिल्हा झाल्यावर तो तिकडे आला. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेत गेले, पण निवडणूक लढवून गेले. ज्या माणसाच्या घराण्याने सहाशे वर्षे कोणाला विचारले नाही, त्याला प्रजेच्या दारात जाऊन मत मागावे लागले. राजाचे मत एक आणि कातकऱ्याचे मत एक. हा चमत्कार कुठल्या वेताळाने केला नाही. तो संविधानाने केला. जन्माने मिळणारा मुखवटा काढून घेऊन तो कामाच्या कसोटीवर पुन्हा मिळवायला लावणे, लोकशाहीचा अर्थ यापेक्षा वेगळा काय असतो?

मूळ म्हणजे तरी कोण?

आता अमेरिकेकडे जाऊ. 'मूळ नायकच खरा' म्हणणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारा. तुमचा मूळ फ्लॅश कोण? बहुतेक जण सांगतील, बॅरी ॲलन. पण बॅरी ॲलन १९५६ सालचा. त्याच्या आधी १९४० साली जे गॅरिक नावाचा फ्लॅश होऊन गेला होता. ज्याला तुम्ही मूळ समजून कवटाळता तोच मुळात वारसदार आहे! ग्रीन लँटर्नचेही तसेच. १९४० साली ॲलन स्कॉट, १९५९ साली हॅल जॉर्डन, १९७१ साली कृष्णवर्णीय जॉन स्टुअर्ट. २००१ साली आलेली जस्टिस लीगची कार्टून मालिका पाहून वाढलेल्या पिढीला विचारा, तिच्यासाठी ग्रीन लँटर्न म्हणजे जॉन स्टुअर्टच.

'मूळ' हा शब्द असाच असतो. सत्तेत असलेला माणूस जिथे रेघ मारतो तिथून मूळ सुरू होते. रेघेच्या मागचे पुसले जाते आणि पुढचे नक्कल ठरते. धर्मग्रंथांचे राजकारण ज्याने अभ्यासले आहे त्याला ही युक्ती नवीन नाही.

माइल्स मोरालेसची कथा या सगळ्यांत वेगळी उठून दिसते. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि चित्रकार सारा पिकेली यांनी त्याला आणले. मार्व्हलच्या 'अल्टिमेट' मालिकेतला पीटर पार्कर मेला होता, त्याची जागा या पोराने घेतली. तेव्हा अमेरिकेत बराच गदारोळ झाला, कृष्णवर्णीय स्पायडरमॅन कसा चालेल म्हणून. २०१८ साली त्याच्यावर 'इंटू द स्पायडर-व्हर्स' हा ॲनिमेशनपट आला आणि त्याने ऑस्कर मिळवले.

माइल्स पुढे का गेला? त्याच्या अंगात एकदोन शक्ती जास्त आहेत म्हणून नाही. कथेच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. चांगल्या शाळेत थोड्याच जागा, म्हणून सोडत काढतात. माइल्सचा नंबर लागतो आणि तो बघतो की बाकीच्या पोरांचे चेहरे पडले आहेत. त्याला आनंदाऐवजी अपराधी वाटते. शिक्षण हा हक्क असायला हवा आणि तो सोडतीवर मिळतो, हे दुःख पीटर पार्करच्या कथेत येऊच शकत नव्हते. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे पीटरला आधीच कळले होते. पण शक्ती कोणाला मिळते आणि कोणाला मिळूच दिली जात नाही, हा प्रश्न माइल्स आल्यावर उभा राहिला. वारसदार मूळ नायकाला मागे टाकतो तो असा, मूळ नायकाचा प्रश्न तो जिथे पोहोचला नव्हता त्या वस्तीत घेऊन जाऊन.

'तू चुकून आलास'

२०२३ साली आलेला पुढचा भाग 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आपल्यासाठी आणखी महत्त्वाचा आहे. भारतात तो दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यात मराठीही होती. या चित्रपटात अनेक विश्वांतले स्पायडरमॅन एकत्र आले आहेत आणि त्यांचा प्रमुख आहे मिगेल ओहारा. त्याच्याकडे एक शास्त्र आहे, 'कॅनन'. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात ठरलेल्या घटना घडल्याच पाहिजेत, ठरलेले मृत्यू झालेच पाहिजेत, नाहीतर विश्व कोसळेल. माइल्सचा बाप मरणार हेही त्यात ठरलेले. माइल्स म्हणतो, मी हे होऊ देणार नाही. तेव्हा मिगेल त्याला ऐकवतो की ज्या कोळ्याने तुला चावा घेतला तो तुझ्या जगातला नव्हताच. तू स्पायडरमॅन व्हायचाच नव्हतास. तू म्हणजे मुळातली चूक आहेस.

हे वाक्य आपल्या ओळखीचे नाही काय? द्रोणाचार्याने एकलव्याला हेच सांगितले, ही विद्या तुझ्यासाठी नव्हती. शिकलास ते चुकून, आता अंगठा दे. रामायणाच्या उत्तरकांडात शंबूकाला हेच सांगितले गेले. तू तप केलेस म्हणून जगाचा तोल गेला, म्हणून ब्राह्मणाचे मूल मेले. तोल सांभाळण्यासाठी शूद्राचे मुंडके उतरवावे लागते, हे त्यांचे कॅनन. फरक एवढाच की एकलव्याने अंगठा दिला आणि शंबूकाला बोलणे पुरेही करू दिले गेले नाही. माइल्स मात्र शास्त्र झुगारून पळ काढतो आणि सांगतो की माझी कथा मीच ठरवीन. चित्रपटगृहातली पोरे तिथे टाळ्या वाजवतात. त्या पोरांना सांगायला हवे की २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी नेमके हेच केले होते. त्यांनी मनुस्मृती जाळली. ठरलेली कथा पुढे चालू द्यायला नकार दिला. विश्व कोसळले नाही. कोसळली ती फक्त भीती.

१९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले तेव्हा केवढे वादळ उठले होते हे आपल्या आधीच्या पिढीला आठवत असेल. राम आणि कृष्णाच्या कथेला प्रश्न विचारले एवढाच त्या लेखनाचा गुन्हा. कॅननचे रखवालदार कॉमिक्समध्येच असतात असे नाही.

भीमकाका आणि मोखाड्याचे पाणी

याच चित्रपटात आपल्या मुंबईचा स्पायडरमॅन आहे, पवित्र प्रभाकर. त्याचा जन्म २००४ सालचा. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी 'स्पायडरमॅन इंडिया' ही चार अंकांची मालिका केली. गावाकडचा गरीब पोरगा शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत येतो. त्याच्या धोतरावरून शहरी पोरे त्याला चिडवतात. पीटरच्या बेन काकाचा इथे झाला भीमकाका आणि मे काकूची झाली माया काकू. शिष्यवृत्ती, गावातून शहर, कपड्यांवरून हेटाळणी, आणि संकटात सापडलेल्या बाईला वाचवायला धावून जाऊन प्राण देणारा भीमकाका! आपल्या वाचकाच्या अंगावर काटा यावा अशी मांडणी हाताशी होती.

पण लेखकांनी तिचे काय केले? या पोराला शक्ती देतो एक प्राचीन योगी. खलनायक होतो राक्षस. नाव 'पवित्र'. शोषणाचा प्रश्न बाजूला राहिला आणि देव-राक्षसांचे जुनेच कॅनन नव्या पोशाखात उभे राहिले. नुसते कपडे बदलून वारसदार घडत नाही, हे पवित्रच्या पहिल्या जन्माने सिद्ध केले. २०२३ च्या चित्रपटात तो खेळकर झाला, इंग्रजांनी केलेल्या लुटीवर टोमणेही मारू लागला आणि पोरांना आवडला. तरी त्याचे शहर बघा. मुंबई आणि मॅनहॅटन जोडून केलेले 'मुंबॅटन', वरवर चढत गेलेले, झगमगते. या शहराच्या नळाला पाणी कुठून येते, हे त्या चित्रात दिसत नाही.

ते आम्ही सांगतो. मुंबई महापालिकेचे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला आहे. २०१४ साली ते सुरू झाले आणि रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देण्याची त्याची क्षमता आहे. त्याच मोखाड्यात उन्हाळा आला की पाड्यापाड्यावर टँकरची वाट बघतात आणि बाया डोंगर उतरून आटलेल्या विहिरीत वाटीवाटीने पाणी भरतात. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची कुपोषणाने मेलेली बालके १९९२ साली देशाने पाहिली. मुंबईचा नायक गगनचुंबी इमारतींवरून झेपा घेतो तेव्हा त्या इमारतींच्या टाक्यांत मोखाड्याचे पाणी असते. म्हणून खरा वारसदार नायक मुंबॅटनमध्ये जन्मणार नाही. तो हंडा घेऊन डोंगर चढणाऱ्या पोरीच्या रूपाने जन्मेल, आणि तिचा पहिला प्रश्न असेल, धरण माझ्या दारात आणि मी तहानलेली का?

दोन चित्रकथा, एक भीमराव

असा नायक चित्रात आणणे शक्य आहे काय? आहे, आणि ते झालेले आहे. १९७९ साली अमर चित्र कथेने बाबासाहेबांवर अंक काढला. त्याचे मोल मी कमी करणार नाही, अनेक घरांत तो पोहोचला. पण त्या मालिकेचा साचा ठरलेला होता. देव, राजे, संत, देशभक्त यांच्या रांगेत आणखी एक थोर पुरुष. चौकटीत चौकट, एकट्याची धडपड, शेवटी यश.

२०११ साली नवयानने 'भीमायन' काढले. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दोघे मध्य प्रदेशातले परधान गोंड चित्रकार. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. पान गोंडी नक्षीने वाहते. प्रेमाने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. आणि पुस्तकाचा पहिला भाग कशावर आहे? पाण्यावर. तहानलेला लहान भीम आणि चवदार तळे.

बाबासाहेबांची कथा पहिल्याने सांगणाऱ्या अंकाला हा मागून आलेला ग्रंथ कितीतरी मागे टाकून गेला. कारण आदिवासी हातांनी ती आपली म्हणून काढली. उपकार म्हणून कोणी त्यांच्या हातात मुखवटा दिला नव्हता, त्यांनी तो आपल्या चेहऱ्याच्या मापाने घडवला. जव्हार-मोखाड्याच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढणारे हात आहेत, मुखवटे घडवणारे हात आहेत. त्यांची चित्रे शहरातल्या दिवाणखान्यात शोभेला जातात. त्याच रेषांत महाड का उतरू नये? वैतरणेचे पाणी का उतरू नये?

धम्माला वारस नेमला नाही

एक आक्षेप येईल तो आधीच घेतो. हे सगळे कंपन्यांचे खेळ आहेत, काळा नायक आणला की नवा ग्राहक मिळतो, यात क्रांती कसली? आक्षेप खरा आहे. मार्व्हलला समता नको आहे, विक्री हवी आहे. पण बाजाराने ज्या हेतूने वस्तू आणली त्याच हेतूने ती वापरली पाहिजे असे कुठे आहे? इंग्रजांनी शाळा कारकून मिळावेत म्हणून काढल्या. त्याच इंग्रजी शिक्षणातून जोतीराव उभे राहिले. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. माइल्सच्या पूर्वजांशी आपले नाते माइल्सच्या जन्माआधी १३८ वर्षांपासूनचे आहे. त्याच पुस्तकात त्यांनी पुराणातल्या बळीराजाला वामनाच्या पायाखालून बाहेर काढून नायक केले. मूळ कथेतला हरलेला माणूस बहुजनांच्या स्मृतीत जिंकलेल्यापेक्षा मोठा झाला.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मली. नाव घेतले ते १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. त्याच १९६६ साली, पक्षाच्या काही महिने आधी, मार्व्हलच्या कॉमिक्समध्येही ब्लॅक पँथर आला होता, पण तो वकांडाचा जन्मसिद्ध राजा. कामाठीपुऱ्यातल्या आणि चाळींतल्या आपल्या पोरांनी नाव उसने घेतले, पण राजपद घेतले नाही. त्यांनी कविता लिहिली, मोर्चा काढला, गावात अत्याचार झाला तिथे धावून गेले. नाव दुसऱ्याचे आणि काम स्वतःचे.

आणि या परंपरेच्या मुळाशी तथागत आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आवर्जून सांगितले आहे की भगवान बुद्धांनी विनंती होऊनही आपला वारस नेमला नाही. धम्म हाच धम्माचा वारस. किती दूरवरचा विचार! गादी ठेवली असती तर तिच्याभोवती घराणे जमले असते, गुपित जमले असते, कवटीची गुहा झाली असती. स्वतः बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. ते जोतीरावांच्या रक्ताचे नव्हते, जातीचे नव्हते, त्यांच्या हयातीत भेटण्याचा प्रश्नच नव्हता. तरी खरा वारस तेच ठरले, कारण जोतीरावांनी सुरू केलेले काम त्यांनी संविधानापर्यंत नेले. जोतीराव त्यामुळे लहान झाले काय? उलट बाबासाहेबांमुळेच ते पुन्हा घराघरांत गेले.

आपल्या अंगणातले वेताळ

आता बोट स्वतःकडे वळवू. आपल्या चळवळीत मुखवटा कसा फिरतो? नेत्याचा मुलगा नेता, अध्यक्षाचा पुतण्या अध्यक्ष, आणि कार्यकर्ता वीस वर्षे सतरंज्या उचलणारा बांदर. वर्षातून दोनदा जयंती आणि महापरिनिर्वाण दिनी आपण कवटीच्या गुहेत जमतो, जयजयकार करतो आणि समजतो की नायक अमर आहे, तो बघून घेईल. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा आपण भाषणात वापरतो आणि व्यासपीठावरून उतरताच विसरतो.

दुसरा धोका जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात. आदिवासी पट्ट्यात जाताना आपण वेताळ होऊन जाऊ नये. श्यामराव परुळेकर एके काळी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि गोदावरी परुळेकरांबरोबर त्यांनी वारल्यांचा लढा उभा केला. त्यांचे ऋण आहेच. गोदावरीबाईंच्या पुस्तकाचे नावही 'जेव्हा माणूस जागा होतो' असे आहे, तारणहार येतो असे नाही. तरी आज पुढारी सगळ्यांना माहीत आहेत आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याच्या गोळीबारात पडलेला जेठ्या गांगड किती जणांना माहीत आहे? पालघरबाहेरच्या किती आंबेडकरी तरुणांनी हे नाव ऐकले आहे? लढ्याचा मुखवटा शेवटी जेठ्याच्या नातवंडांच्या चेहऱ्यावर यायला हवा. आपले काम शेजारी उभे राहून संबळ वाजवण्याचे.

तेव्हा तरुण मित्रांनो, पोरे भांडतील की खरा स्पायडरमॅन कोण, तर त्यांना गप्प करू नका. त्यांच्यात बसा. त्यांना विचारा की वेताळाचा मुखवटा बांदर पोराला का मिळाला नाही. त्यांना माइल्स दाखवा, मग एकलव्य सांगा, मग महाड सांगा. त्यांच्या हातात कागद द्या आणि म्हणा, आता तुझ्या पाड्यावरचा नायक काढ. तो बाबासाहेबांसारखा दिसायला हवा असे नाही. निळा कोट आणि चष्मा घातला की बाबासाहेबांचा वारस होत नाही. जिथे बाबासाहेबांचा प्रश्न अजून पोहोचला नाही तिथे तो घेऊन जाणारी पोरगी वारस होते, मग तिच्या हातात संविधान असो की रिकामा हंडा.

आणि ती उद्या आपल्याहून मोठी झाली, आपल्या पुढे निघून गेली, आपली नावे लोक विसरले, तरी वाईट वाटून घेऊ नका. आपण चळवळ केली ती त्याचसाठी.

जय भीम! जय जोहार!